रंग नंतर, आधी खिडकीची कडी

एका तालुक्याच्या गावाहून निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. मागच्या हिवाळ्यात पतिपत्नी तिकडे तीन महिने राहून आले. तिथल्या घरांना दुहेरी काचांच्या खिडक्या होत्या. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी आत ऊब, रस्त्यावरच्या मोटारींचा आवाज नाही, धुळीचा कण नाही. बाईंना दम्याचा जुना त्रास आहे. आता इथल्या घराचे काम काढलेच आहे, तर तशाच खिडक्या बसवाव्यात काय, दम्याला त्यांचा उपयोग होईल काय, असे त्यांनी विचारले आहे. दुकानदाराने "आरोग्याला एकदम उत्तम" असे सांगितले आहे म्हणे.

दुकानदाराचे म्हणणे तूर्त बाजूला ठेवू. दुहेरी काच म्हणजे दोन तावदाने आणि त्यांच्यामध्ये बंद करून ठेवलेली हवेची किंवा आरगॉन वायूची पोकळी. कोंडलेली स्थिर हवा उष्णता चटकन पलीकडे जाऊ देत नाही. आपली गोधडी ज्या कारणाने ऊब देते, तेच हे कारण. थंड देशात घर तापवायला इंधन जाळावे लागते, ते वाचावे हा या खिडकीचा मुख्य हेतू. काही वर्षांनी कडेचे सील सुटते, बाहेरची दमट हवा पोकळीत शिरते आणि दोन काचांच्या मधोमध धुके धरते. ते आतून पुसता येत नाही आणि बाहेरूनही पुसता येत नाही. चौकट तीच ठेवून काचांची ती जोडी बदलावी लागते. एवढी माहिती दुकानदाराकडून मिळाली असेल असे वाटत नाही.

आरोग्याचे म्हणाल तर त्या देशांनाही या खिडक्यांनी धडा शिकवला आहे. घर घट्ट बंद केले की माणसांच्या श्वासातली, स्वयंपाकातली आणि आत वाळत घातलेल्या कपड्यांतली वाफ बाहेर जात नाही. ती गार भिंतीवर बसते आणि तिथे काळी बुरशी वाढते. इंग्लंडमधील रॉचडेल या गावी डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक बालक श्वसनाच्या विकाराने दगावले. घरातील बुरशी आणि हवा खेळण्याची अपुरी सोय हे त्याचे कारण असल्याचा निष्कर्ष तिथल्या मृत्युचौकशीत नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाला. त्या देशात जून २०२२ पासून लागू झालेल्या बांधकाम नियमांनुसार जुन्या घरात नवी खिडकी बसवतानाही, हवा येण्याची दुसरी सोय नसेल, तर तिच्यात बारीक झरोका ठेवावा लागतो. म्हणजे आधी फटी बुजवल्या आणि मग नियम करून झरोके पाडले!

हमरस्त्याला लागून घर असेल, रात्रभर मालमोटारी धावत असतील आणि रक्तदाबाच्या रुग्णाला झोप लागत नसेल, तर रस्त्याच्या बाजूची एखादी खिडकी दुहेरी काचेची करावी. त्याला माझी हरकत नाही. मात्र तिची कडी झडपेला चौकटीवर घट्ट दाबून बसवणारी हवी आणि कडेचे रबर शाबूत हवे. फट राहिली की आवाज तिथूनच येतो आणि काचेचे पैसे वाया जातात. दम्याचे म्हणाल तर बाईंना दुहेरी काचेपेक्षा, आहे ती खिडकी रोज उघडता येणे अधिक गरजेचे आहे.

आणि आपल्याकडची खरी गोम इथेच आहे. तीस वर्षांच्या व्यवसायात मी या जिल्ह्यातल्या अनेक घरांत व्हिजिटला गेलो. रुग्णाची नाडी पाहण्याआधी माझी नजर खिडकीकडे जाते. बहुतेक घरांत ती बंद असते. "जरा उघडता का?" म्हटले की घरातली माणसे एकमेकांकडे पाहतात. कोणी म्हणते, पावसाळ्यात फुगून बसली ती बसलीच. कोणी म्हणते, हुक तुटलाय, वाऱ्याने झडप आपटते म्हणून सुतळीने बांधून टाकली. कुठे खिडकीपुढे गोदरेजचे कपाट उभे असते, कुठे बाहेरच्या ग्रिलमध्ये जुन्या सायकली आणि रद्दी. खिडकी बंद ठेवायची असे त्या घरात कोणी कधी ठरवलेले नसते. फार तर पन्नास रुपयांचा हुक किंवा दोन स्क्रू कमी पडलेले असतात आणि तेवढ्यावरून पाच माणसे वर्षानुवर्षे एकमेकांनी सोडलेली हवा घेत राहतात. त्याच घराला दर दिवाळीला रंग मात्र लागतो.

क्षयरोग हवेतून पसरतो हे आता सर्वांना ठाऊक आहे. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू १८८२ साली दाखवून दिला. रुग्ण खोकला की अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. पेरू देशातील लिमा शहरातल्या रुग्णालयांत याची मोजणी झाली आणि ती २००७ साली प्रसिद्ध झाली. यंत्राने हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्या एकीकडे, आणि उंच छताच्या, मोठाल्या खिडक्यांच्या १९५० पूर्वीच्या जुन्या खोल्या दुसरीकडे. खिडक्या उघड्या असताना जुन्या खोल्यांतली हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती, यंत्राच्या खोल्यांतली १२ वेळा. उपचार न घेतलेल्या क्षयरुग्णाबरोबर २४ तास राहिल्यास संसर्ग होण्याचा अंदाज यंत्राच्या खोल्यांत शंभरात ३९ निघाला, जुन्या खोल्यांत शंभरात ११. आपल्या आजोबांच्या वाड्यातल्या खिडक्यांना नाके मुरडणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंखा ताजी हवा आणत नाही. खिडकी बंद असेल तर तो आहे तीच हवा घुसळतो. भिंतीवरचे एअरकंडिशनरही बहुतेक खोलीतलीच हवा गार करून परत सोडते. खोकणारा माणूस घरात असेल तर खिडकी उघडून पंख्याचा झोत त्याच्याकडून खिडकीकडे जाईल असा ठेवावा. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि एक दार, सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटे सताड उघडले तरी खोलीतली हवा पुष्कळ बदलते. राष्ट्रीय बांधकाम संहितेने उघडणाऱ्या जागेचे मापही सांगितले आहे. दमट उष्ण हवामानात खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश, कोरड्या उष्ण हवामानात एक दशांश. दहा बाय बाराच्या खोलीला, म्हणजे १२० चौरस फुटांना, कोकणात २० चौरस फूट आणि पठारावर १२ चौरस फूट. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत एका वेळी निम्मीच जागा उघडते, हे मोजताना कोणी लक्षात घेत नाही.

आता बाळंतिणीच्या खोलीविषयी. इथे मला थोडे कडक बोलावे लागणार आहे. "वारा लागेल" म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबायच्या, पडदा म्हणून चादर खिळ्यांनी ठोकायची, खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवायची आणि वर ओवा-बाळंतशेपाची धुरी. ही चाल अजून पुष्कळ घरांत आहे. आजीबाईंचा हेतू मायेचाच असतो, आणि बाळाला ऊब हवी हेही खरे. पण धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला जितक्या ओढीने धरते, त्याच्या दोनशेहून अधिक पट ओढीने ते या वायूला धरते. डोके दुखते, मळमळते, सुस्ती येते, आणि घरचे म्हणतात, "बाळंतीण आहे, झोपू दे तिला." पूर्वीच्या कुडाच्या किंवा कौलारू घरात फटीफटींतून हवा येत होती, म्हणून ही चाल बरीच निभावली. स्लॅबच्या, सिमेंटच्या घरात ती निभत नाही. बाळाला टोपडे, मोजे, लंगोटावर दुपटे आणि आईच्या अंगाची ऊब पुरते. झोत अंगावर नको असेल तर खाट खिडकीपासून बाजूला घ्या. पण खिडकी उघडू द्या, आणि शेगडी त्या खोलीत नकोच.

तोच वायू न्हाणीघरातही जीव घेतो. गॅस गिझर बाथरूमच्या आत लावलेला, दार बंद, वरची झडप गंजून बसलेली किंवा थंडीमुळे मुद्दाम लावून घेतलेली. दहा-पंधरा मिनिटांत माणूस कोसळतो. पुष्कळदा अशा रुग्णाला "बाथरूममध्ये फिट आली" म्हणून आणतात. कधी खरेच झटके येतात, आणि मग अपस्मारावरच्या गोळ्या चालू होतात. म्हणून न्हाताना कोसळलेल्या रुग्णाच्या घरी गिझर कोणता, हे मी न चुकता विचारतो. आपणही डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. बोटाला लावायचे यंत्र अशा वेळी चांगला आकडा दाखवते, त्यावर विसंबू नये. ते यंत्र प्राणवायूने भरलेले रक्त आणि या वायूने भरलेले रक्त यांत फरक करू शकत नाही. रुग्णाला आधी मोकळ्या हवेत आणा आणि प्राणवायू मिळेल अशा दवाखान्यात तातडीने न्या. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या जागी बसवावा. हा सल्ला मी दर थंडीत देतो आणि दर थंडीत तो पुन्हा द्यावा लागतो.

एक्झॉस्ट पंखा लावला की झाले, असेही काहींना वाटते. पंखा हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा आत यायला वाट नको काय? सगळे बंद ठेवून पंखा लावला तर तो नुसता गुरगुरतो, किंवा गिझरचा वायू उलटा आत ओढतो.

खिडकी न उघडण्याची कारणे लोक तीन सांगतात: डास, चोर आणि धूळ. तिन्ही खरी आहेत, आणि तिन्हींवर उपाय सुताराकडे किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे आहे.

डासांचे पाहू. १९०० साली इटलीत रोमजवळच्या ऑस्टिया या हिवतापाने पछाडलेल्या दलदलीत डॉ. सॅम्बन आणि डॉ. लो हे दोन डॉक्टर उन्हाळ्यापासून पानगळीपर्यंत जाळीबंद झोपडीत राहिले. सूर्यास्तापूर्वी आत, सूर्योदयानंतर बाहेर. कोयनेल घेतले नाही. भोवतालची माणसे तापाने फणफणत होती, या दोघांना हिवताप झाला नाही. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो १८९७ साली, आणि तीन वर्षांत साध्या जाळीने हे सिद्ध करून दाखवले. सव्वाशे वर्षांनंतरही आपण जाळीऐवजी खिडकी लावून आत कॉइल जाळतो. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या इतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले होते. दम्याच्या रुग्णाच्या उशाशी कॉइल ठेवणाऱ्या घरात मी इन्हेलर काय लिहून देणार? जाळी बसवा. तिची छिद्रे दीड मिलिमीटरहून मोठी नकोत, आणि महिन्यातून एकदा ती पाण्याने धुवा, कारण धुळीने भरलेली जाळी आणि भिंत यांत फरक उरत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा जाळी दिवसाही लावलेली हवी.

धुळीसाठी एवढेच की, रस्त्याकडची खिडकी वर्दळीच्या वेळी लावा आणि परसाकडची उघडा. शेजारच्या शेतात फवारणी चालू असेल किंवा पाचट पेटवले असेल तेव्हा सगळ्या लावा. खिडकी हवी तेव्हा उघडता यावी आणि हवी तेव्हा घट्ट लागावी, त्यासाठीच कडी-बिजागरी धड हवी.

आता दुरुस्ती. हे काम माझे नव्हे असे कोणी म्हणेल, पण मला ते औषधोपचाराचाच भाग वाटते. लाकडी खिडकी पावसाळ्यात फुगली म्हणून लगेच रंधा मारू नका. दसऱ्यानंतर लाकूड वाळले की ती सैल होते, फटी पडतात. पावसाळ्यापुरती कडेला मेणबत्ती घासावी, झडप सरकते. उन्हाळ्यात गरज वाटली तर रंधा मारून त्या उघड्या कडेला लगेच रंग द्यावा, नाहीतर पुढच्या आषाढात पुन्हा तेच. बिजागरीचा स्क्रू भोकात फिरत असेल तर भोकात आगपेटीच्या गूल काढलेल्या काड्या फेव्हिकॉल लावून ठोका, वाळल्यावर स्क्रू पिळा. कुलपात आणि कडीत खोबरेल तेल घालण्याची आपली सवय चुकीची आहे. ते थिजते आणि धूळ धरते. कुलपाला पेन्सिलीच्या शिशाची पूड, बिजागरीला शिवणयंत्राचे तेल. सरकत्या खिडकीच्या पन्हळीत तेल मुळीच नको. ती ब्रशने झाडावी आणि खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची बारीक भोके तारेने मोकळी करावीत. ती तुंबली की पावसाचे पाणी खोलीत उतरते, भिंत ओली राहते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. पुढे घरातल्या पोराचा खोकला हटत नाही आणि ते घर औषधाच्या बाटल्या बदलत बसते.

जुना रंग खरवडताना मात्र सावध राहा. घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर आपल्याकडे कडक बंधन आले ते २०१६ च्या नियमांनी, आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑईल पेंटमध्ये शिसे असू शकते. कोरड्या पॉलिश पेपरने घासले की त्याची धूळ उडते. ती लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या गर्भाला घातक असते. पाणी मारून ओले घासा, खाली कागद पसरा, मुले आणि गरोदर बाई त्या दिवशी त्या खोलीत नकोत. नंतर फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

चोरांच्या भीतीने आपण ग्रिल लावतो, त्याला कुलूप लावतो आणि किल्ली कुठे आहे ते एकालाच ठाऊक असते. तो एक माणूस गावाला गेलेला असताना सिलिंडर पेटला तर? प्रत्येक मजल्यावर निदान एक ग्रिल आतून उघडणारे असावे, आणि त्याची किल्ली बाहेरच्या हाताला लागणार नाही पण घरातल्या सर्वांना, म्हाताऱ्या माणसांनासुद्धा, अंधारात सापडेल अशा खिळ्याला टांगावी. वर्षातून एकदा ते कुलूप उघडून पाहावे. ज्या खिडकीला ग्रिल नाही तिथे उलटी काळजी घ्यावी. तिच्याखाली पलंग, सोफा, टेबल ठेवू नये. चार इंचांहून मोठी फट लहान मुलाला पुरते. डासांची जाळी मुलाचे वजन पेलत नाही, हे आया विसरतात. आडव्या गजांचे ग्रिल म्हणजे पोराच्या दृष्टीने शिडीच.

बाथरूमच्या कडीविषयी मी मागेही लिहिले होते, तरी पुन्हा लिहितो. सत्तरीच्या माणसाने आतून कडी लावून न्हायला जाऊ नये. पडला, तर दार फोडण्यात वेळ जातो, आणि दार आत उघडणारे असेल तर पडलेल्या माणसाचे अंगच दाराला अडसर होते. दार बाहेर उघडणारे करून घ्या. बाहेरून नाण्याने फिरवता येणारी कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती न मिळाल्यास दाराला एक टॉवेल लटकवायचा आणि "आत कोणी आहे" असे समजायचे, एवढे घरात ठरवले तरी चालते. दादांना किंवा आईंना यात कमीपणा वाटतो खरा. त्यांच्याशी बोलणे मुलांनी करावे, सुनेवर टाकू नये.

हे सगळे करताना कोणाच्या तरी हाताला गंजलेला खिळा लागणारच. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती-शेणात असतात आणि खोल, अरुंद जखमेत वाढतात. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पाच-दहा मिनिटे धुवा. हळद, चुना, रॉकेल काही लावू नका. पूर्वीच्या टीटीऐवजी आता टीडी हे इंजेक्शन देतात, त्यात घटसर्पाचेही संरक्षण आहे. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी ते घ्यावे. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे होऊन गेली असतील, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पुन्हा घ्यावे. सुताराचेही विचारा. त्याने शेवटचे कधी घेतले होते ते बहुधा त्याला आठवत नसते.